नीटनेटके घर आणि कुत्र्याचे पिल्लू

(आकाशवाणीवरील भाषण)



घरात कुत्रे आणावे की आणू नये, हा प्रश्न आमच्या वऱ्हाडात बहुधा मुलांच्या हट्टाने सुरू होतो आणि गृहिणीच्या नकाराने निकालात निघतो. शेतातल्या वस्तीवर, वाड्याच्या अंगणात किंवा गोठ्याच्या दाराशी राखणीला कुत्रे असणे यात आमच्याकडे नवल कधीच नव्हते. प्रश्न उभा राहिला तो अमरावती-अकोल्यासारख्या शहरांत अंगणे आखडली, ओसऱ्या गेल्या आणि अंगणात वाढणारा हा प्राणी बैठकीच्या फरशीवर येऊ घातला तेव्हापासून. जिने पहाटे उठून केर काढला, फरशी पुसली, पलंगपोसावरची सुरकुती हाताने सारखी केली, आणि जिची ही मेहनत दुपारच्या आत घरातल्याच माणसांनी विस्कटलेली ती रोज पाहते, तिने आणखी एका जिवाला उंबरठ्याच्या आत घेण्यास कां-कू केली म्हणून तिला कठोर हृदयाची ठरविणे हा तिच्यावर उघड अन्याय आहे. मी स्वतः टापटिपीची भोक्ती आहे आणि माझ्या घरी कुत्रेही आहे. या दोन गोष्टी एका छपराखाली कोणत्या अटींवर नांदू शकतात, तेवढेच आज सांगावे असा माझा मानस आहे.

शुचिता आणि श्वान यांचा तंटा फार पुरातन आहे. महाभारताच्या आदिपर्वात, पौष्य उपपर्वाच्या आरंभी, जनमेजय राजा आपल्या भावांसह कुरुक्षेत्रावर सत्र करीत बसला असता सरमा नावाच्या देवशुनीचे पिल्लू तेथे येते आणि राजाचे भाऊ त्याला बडवून काढतात. रडत आलेल्या त्या पिल्लाला आई विचारते की, तुझ्या हातून काही आगळीक घडली का. आणि ते सांगते की, मी हविर्द्रव्याकडे पाहिलेसुद्धा नाही, मग चाटणे तर दूरच. सरमा यज्ञमंडपात जाऊन जाब विचारते, कोणीही उत्तर देत नाही, आणि ती शाप देऊन निघून जाते. पुढे सतराव्या पर्वात, हिमालय ओलांडून एकटा उरलेला युधिष्ठिर सोबतच्या कुत्र्यासह स्वर्गाच्या रथापाशी येतो, तेव्हाही इंद्राचा आक्षेप तोच असतो: कुत्रे बाळगणाऱ्याला स्वर्गात जागा नाही. आपल्या आश्रयाला आलेल्या जिवाला टाकून मिळणारा स्वर्ग युधिष्ठिराने नाकारला, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. परंतु एवढ्या प्रचंड ग्रंथाच्या दोन टोकांना विटाळाच्या नावाखाली दूर लोटलेले एकेक कुत्रे उभे आहे आणि दोन्ही वेळा ग्रंथकार त्या कुत्र्याच्या बाजूने आहे, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. कारंजा आणि माहूर या दोन दत्तस्थानांच्या सान्निध्यात राहणाऱ्या आपल्या लोकांना तर हे निराळे सांगावयास नको. घरातील अत्यंत निर्मळ जागा जो देव्हारा, त्याच्यावरच्या भिंतीवर दत्तात्रेयाची तसबीर असते आणि तीत त्याच्या चरणांशी चार श्वान बसलेले असतात.

आणि हा झाला पुराणांचा दाखला. आपल्या अमरावती जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर दाखला याहून जवळचा आहे. 23 फेब्रुवारी 1876 रोजी शेंडगाव येथे जन्मलेले डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजेच गाडगेबाबा, 1905 साली घर सोडून निघाले आणि पुढे अर्धशतक हातात खराटा घेऊन गावोगाव हिंडले. गावात पाऊल ठेवताच प्रथम रस्ता झाडावयाचा, गटारे मोकळी करावयाची आणि रात्री कीर्तनाला उभे राहावयाचे, हा गाडगेबाबांचा शिरस्ता होता. महाराष्ट्रात स्वच्छतेचा एवढा मोठा उपासक दुसरा झाला नाही, असे मी निःशंक म्हणते. त्याच बाबांनी जन्मभर देवापुढच्या पशुहत्येविरुद्ध गावेच्या गावे जागी केली, मूर्तिजापुरास गोरक्षण उभे केले, आणि त्यांच्या नावाने जो दशसूत्री संदेश सांगितला जातो त्यात भुकेल्याला अन्न आणि तहानलेल्याला पाणी यांच्याच पंक्तीत मुक्या प्राण्यांना अभय देण्याचे कलम आहे. खराटा आणि अभय ही दोन्ही एकाच पुरुषाच्या ठायी सुखाने राहिली, याचे कारण मला असे वाटते की, तो खराटा त्यांनी स्वतःच्या हातात धरला होता. गाव त्यांनी हुकूम सोडून झाडवून घेतला नाही.

आमच्या घरांतला खरा पेच येथेच आहे. कुत्रे हवे असते मुलांना, हौस असते गृहस्थांना, आणि घाण काढावयाची असते बाईला. आमच्या शेजारच्या एका वृद्ध बाईंनी नातवाच्या हट्टापुढे आपला निकाल एका वाक्यात दिला होता: ‘‘कुत्रं आनाचं असन त आना बाप्पा, पन त्याचं काढाले मी येनार नाई.’’ या वाक्यात पिल्लाविषयी आकस नाही; कामाच्या वाटणीविषयीची ती रास्त तक्रार आहे, आणि जोवर तिचा बंदोबस्त होत नाही तोवर पिल्लू आणण्याची गोष्ट तहकूब ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पहाटे बाहेर कोण नेणार, केस कोण विंचरणार, ओले झालेले कोण पुसणार, सुटीत सारे गावी गेले तर मागे कोण राहणार, हे पिल्लू येण्यापूर्वी नावानिशी ठरले पाहिजे. ज्या घरात ही कबुलायत होत नाही, तेथे चार महिन्यांच्या आत ते पिल्लू मागच्या गॅलरीत साखळीला बांधलेले दिसते. आणि असे आयुष्यभर बांधून ठेवण्यासाठी जीव आणणे हे पातक आहे.

वाटणी मात्र ठरली, तर नीटनेटके घर हे कुत्र्याच्या पथ्यावरच पडते, आणि हे मी अनुभवाने सांगते. कुत्रे हा अत्यंत नियमप्रिय प्राणी आहे. ठरल्या वेळी जेवण, ठरल्या वेळी फिरणे आणि निजण्याची ठरलेली जागा यांतच त्याला स्वस्थता वाटते, आणि जेथे प्रत्येक वस्तूची जागा नेमलेली आहे तेथे स्वतःची जागा ते फार लवकर शिकते. पिल्लाला अठ्ठावीस दुधाचे दात असतात; साधारणतः चौथ्या ते सहाव्या महिन्याच्या दरम्यान ते पडून बेचाळीस पक्के दात येऊ लागतात, आणि त्या मुदतीत हिरड्या शिवशिवत असल्यामुळे जे समोर सापडेल ते चावले जाते. चपला मांडणीत आणि पुस्तके कपाटात असलेल्या घरात समोर सापडते ते त्याच्यासाठी ठेवलेले सुती गाठीचे खेळणे. अव्यवस्थित घरात सापडतो गृहस्थांचा नवा जोडा, आणि मार मात्र पिल्लाला बसतो.

नैसर्गिक विधींची शिस्तही अशीच वेळापत्रकाने लागते. तीन महिन्यांचे पिल्लू साधारणतः तीन तासांहून अधिक दम धरू शकत नाही. म्हणून झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळ संपल्यावर त्याला एकाच ठरावीक जागी बाहेर न्यावे आणि काम होताच तोंडभरून कौतुक करावे. घरात चूक झालीच, तर त्याचे नाक तीत घासण्याची जी रानटी चाल आहे ती सोडून द्यावी. पिल्लू त्यातून एवढेच शिकते की हे माणूस दिसले की लपावे. चूक झालेली जागा पुसताना अमोनियाचे द्रावण वापरू नये, कारण त्याचा वास मूत्रासारखाच असल्यामुळे पिल्लू पुन्हा तेथेच वळते. साबणाच्या पाण्याने धुऊन वर पाण्यात मिसळलेल्या व्हिनेगरचा हात फिरवावा. आणि येथे माझ्यासारख्या स्वच्छताप्रिय भगिनींना एक कळकळीची विनंती आहे. फिनाईलचा वास आला म्हणजेच घर निर्मळ झाले, ही समजूत आपल्या हाडीमांसी खिळलेली आहे. परंतु काळ्या फिनाईलमध्ये फिनॉल जातीची द्रव्ये असतात, कुत्रे त्या ओल्या फरशीवरून चालते, मग निवांत बसून आपले पंजे चाटते, आणि ते विष त्याच्या पोटात जाते. मोरी धुवावयास ते वापरलेच, तर फरशी पुरती कोरडी होईपर्यंत दार लावून घ्यावे.

वऱ्हाडातील सर्वांत कठीण परीक्षा आषाढ-श्रावणात होते, कारण आपली काळी माती. कपाशीला जी अन्नपूर्णा, तीच माती पावसात पंजाच्या चारही बोटांच्या बेचक्यांत मेणासारखी घट्ट बसते आणि ओली असताना पुसू गेल्यास पुसली न जाता पसरते. याला उपाय आहे आणि तो सोपा आहे. दारात जाड गोणपाट अंथरावे, शेजारी कोमट पाण्याचे पसरट घमेले ठेवावे, एकेक पंजा त्यात बुडवून बोटांच्या फटी अंगठ्याने हलकेच मोकळ्या कराव्या आणि जुन्या धोतराच्या फडक्याने त्या फटी कोरड्या कराव्या, कारण ओल राहिली तर तेथे कातडी सडते. पोटावर उडालेला चिखल मात्र तसाच वाळू द्यावा. वाळला की तो भुकटी होऊन ब्रशाखाली आपोआप झडतो. आमचे कुत्रे आता पावसातून आले की गोणपाटावर येऊन उभे राहते आणि न सांगता उजवा पंजा पुढे करते.

केसांचा प्रश्न जातीवर अवलंबून आहे, आणि येथे हौसेपेक्षा हवामानाचा विचार व्हावा. लॅब्रेडॉर किंवा जर्मन शेफर्ड यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. ते बारमाही झडतात आणि ऋतू पालटताना तर झाडू हातातून खाली ठेववत नाही. शिवाय कुत्रे माणसासारखे अंगभर घामेजत नाही, धापा टाकून अंगातील उष्मा बाहेर टाकते. वैशाखात पारा पंचेचाळीस अंशांवर जाणाऱ्या अमरावतीत, लांब केसांच्या अथवा पगसारख्या चपट्या नाकाच्या प्राण्याचे हाल डोळ्यांनी पाहवत नाहीत. आपले गावठी कुत्रे आखूड केसांचे, काटक आणि या उन्हात पिढ्यान्‌पिढ्या तावून निघालेले असते. हजारो रुपये मोजून थंड मुलुखातील जीव येथे आणण्यापेक्षा गल्लीतल्या अनाथ पिल्लांपैकी एकाला घर द्यावे, हे मला सर्व दृष्टींनी श्रेयस्कर वाटते. त्याला महिन्यातून एक स्नान पुरते. रोज पाच मिनिटे घराबाहेर विंचरले, तर गालिच्यावर केस शोधावे लागत नाहीत, आणि त्याच वेळी कानामागे गोचीड आहे की काय तेही पाहून होते.

तरीही काही गोष्टी सोडाव्या लागतात, हे लपविण्यात अर्थ नाही. पांढरी शुभ्र बैठक राहणार नाही. पाहुण्यांपैकी एखादा नाक मुरडील. सोवळ्याचा स्वयंपाक असेल त्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात आडवी फळी लावावी लागेल, आणि प्रसादाच्या शिऱ्यातला बेदाणा पिल्लाच्या तोंडी जाऊ नये म्हणून मुलांवर नजर ठेवावी लागेल, कारण बेदाणे, कांदा आणि चॉकलेट ही त्याला विषासमान आहेत. एवढे सोडण्याची ज्यांच्या मनाची तयारी नाही त्यांनी कुत्रे आणू नये. त्यात कोणताही कमीपणा नाही, आणि दारावर येणाऱ्या कुत्र्यासाठी फाटकापाशी पाण्याचे एक भांडे भरून ठेवण्याची मुभा त्यांनाही आहेच.

ज्यांचा निश्चय झाला असेल त्यांनी दिवाळी सरेपर्यंत थांबावे. तेव्हा फटाक्यांचे आवाज सरलेले असतात, साफसफाईत घरातील अडगळ निघालेली असते, चिखल वाळलेला असतो आणि ऊन सोसवते; कार्तिकात आणलेले पिल्लू उन्हाळा लागण्यापूर्वी घराची रीत शिकून घेते. आईपासून मात्र ते आठ आठवड्यांच्या आत तोडू नये. आणल्यापासून दोन-चार दिवसांत पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन तपासावे, जंताचे औषध द्यावे आणि तीन महिने पूर्ण होताच पिसाळरोगाची लस टोचून घ्यावी. हा रोग एकदा प्रकट झाला की त्यावर इलाज नाही, म्हणून पुढच्या लसीची तारीख त्याच दिवशी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवावी, आणि ती त्या मुलाच्या हातून लिहवून घ्यावी, ज्याने पिल्लासाठी हट्ट धरला होता.