जाहिरातीच्या आधीची नोकरी

(संभाजीनगर येथे तरुण व पालकांसमोर झालेल्या भाषणाचा संपादित अंश)



वर्तमानपत्रातील जाहिरातींवर लाल खुणा करणारे वडील आपण पाहिले आहेत. आज त्यांचा मुलगा संगणकावरून अर्ज पाठवतो आणि उत्तराची वाट पाहतो. दोघांची समजूत एकच, की जागा निर्माण झाली म्हणजे जाहिरात येणारच. ही समजूत अपुरी आहे.

1959 साली संसदेने कायदा करून मोठ्या आस्थापनांना रिक्त जागा सेवायोजन कार्यालयास कळविणे बंधनकारक केले. परंतु त्याच कार्यालयामार्फत भरती करावी, असे बंधन त्या कायद्याने घातले नव्हते. जागा कळविणे वेगळे आणि माणूस निवडणे वेगळे, हे त्यातून ध्यानात घ्यावे.

आपल्या शहराचेच पाहा. 1985 मध्ये वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याला सुटे भाग पुरविणारे लहानमोठे उद्योग भोवती उभे राहिले. तीस-चाळीस माणसांचा असा कारखानदार एका जोडाऱ्यासाठी जाहिरात कशाला देईल? तो आपल्या पर्यवेक्षकालाच विचारतो, ‘कोणी चांगला मुलगा आहे का?’ त्या क्षणी ज्याचे नाव पर्यवेक्षकाला आठवते, त्याला काम मिळते.

मग आपले नाव त्याला आठवावे कसे? प्रथम डोळे उघडे ठेवा. नवी शेड उभी राहते आहे, यंत्र उतरते आहे, दुसरी पाळी सुरू होते आहे, कोणी निवृत्त होते आहे, या सगळ्या न छापलेल्या जाहिरातीच आहेत. शेंद्रा-बिडकीन परिसरात भूखंड घेणाऱ्या उद्योगांच्या बातम्याही याच दृष्टीने वाचाव्यात. माणसांची गरज कारखाना सुरू होण्यापूर्वीच पडू लागते.

दुसरे, भेटीला जाताना ‘नोकरी आहे का?’ हा प्रश्न घेऊन जाऊ नका. त्याचे उत्तर बहुधा ‘नाही’ असते आणि बोलणे तेथेच संपते. ‘आपल्याकडे कोणते काम चालते, त्यासाठी मी काय शिकावे?’ असे विचारा. स्वतःची माहिती एका पानात लिहून ठेवून या आणि सांगितलेले शिकून महिन्याने पुन्हा जा. ही दुसरी भेटच माणूस लक्षात ठेवतो.

तिसरे, शिकाऊ उमेदवारी कमी लेखू नका. 1961 च्या कायद्यान्वये तीस वा अधिक कामगारांच्या आस्थापनेस शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. पुढे नोकरीची हमी नसते, हे खरे. परंतु वर्षभर ज्याचे काम डोळ्यांनी पाहिले, त्याच्यासाठी जाहिरातीची गरज उरत नाही.

येथे एक सावधगिरी सांगतो. हे सारे खासगी क्षेत्राविषयी आहे. सरकारी नोकरीत सर्वांना समान संधी हा घटनेच्या सोळाव्या कलमाचा दंडक आहे आणि 2006 साली उमादेवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो ठामपणे मांडला. तेव्हा पैसे घेऊन ‘आतून’ सरकारी जागा मिळवून देतो म्हणणारा आपली फसवणूक करीत आहे, असे खुशाल समजावे.

कोणी म्हणेल, हा तर वशिलाच झाला. नाही. वशिला अपात्राला खुर्चीवर बसवतो; परिचय पात्राला दारापर्यंत नेतो, आत त्याला स्वतःच्या कर्तृत्वावरच जावे लागते. मात्र या व्यवस्थेत एक अन्याय आहे, तो आपण मान्य केला पाहिजे. ज्याचा काका कारखान्यात आहे, त्याला बातमी कळते. वैजापूर-कन्नडच्या खेड्यातून आलेल्या, शहरात कोणी नसलेल्या हुशार मुलाला ती कळतच नाही. बातमी नात्यात आणि जातीत फिरत राहते.

संपर्क हा आपल्या कार्याचा प्राण आहे. घरोघरी जाणारा कार्यकर्ता कोणत्या घरात शिकलेला मुलगा रिकामा बसला आहे, हे जाणतो. आपल्यातलेच कोणी कारखान्यात, रुग्णालयात, पेढीत अधिकारपदावर आहेत. या दोघांची गाठ घालून देणे एवढेच काम आहे. त्याला निधी लागत नाही, कार्यालय लागत नाही.

म्हणून पालकांना आणि ज्येष्ठांना माझी एकच विनंती आहे. येत्या तीन महिन्यांत आपल्या कामाच्या ठिकाणी कोणते काम वाढणार आहे, हे एका तरुणाला सांगा. तो आपल्या नात्यातला नसावा आणि जातीतलाही नसावा. समरसता आपण भाषणांत पुष्कळ ऐकतो. ती अशा एका निरोपाने एखाद्याच्या घरात चूल पेटवून जाईल.