शून्य हेही उत्तरच



घरोघरी गॅस पेटविण्याचा लायटर असतो. खटका दाबला की आतील स्फटिकावर आघात होतो आणि ठिणगी पडते. दाबाने अथवा ताणाने वीज निर्माण होण्याच्या या गुणाला दाबविद्युत म्हणतात. झाक व पिएर क्युरी या बंधूंनी तो १८८० साली दाखवून दिला.

आता दुसरी वस्तू घ्या. मॉलिब्डेनम डायसल्फाइड नावाची काळी पूड यंत्रांच्या ग्रीसमध्ये घालतात. तिच्यातील अतिपातळ थर पत्त्यांच्या कॅटासारखे एकावर एक रचलेले असून सहज घसरतात. २०१४ साली अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठ व जॉर्जिया टेक येथील संशोधकांनी त्यातील एकच थर लवचिक प्लॅस्टिकवर ठेवून अर्ध्या टक्क्याच्या आसपास ताणला. सुमारे १५ मिलिव्होल्टपर्यंत वीजदाब मिळाला. दोन थर घेतले, तर शून्य! थरांची संख्या विषम असली की वीज, सम असली की काहीच नाही.

असे का? शेजारचे थर एकमेकांच्या उलट दिशेने बसलेले असतात. ताणल्यावर एकाचा परिणाम दुसरा खोडून टाकतो. विषम संख्येत एक थर बिनजोडीचा उरतो. त्याची वीज दिसते.

मित्रहो, प्रयोगशाळेत काटा हलला नाही की आपण शेजाऱ्याच्या वहीतील आकडा उतरवतो. विद्यार्थिदशेत मीही हे केले आहे. त्या संशोधकांनी शून्य नोंदले नसते, तर सम-विषमाचा हा नियम प्रयोगाने सिद्ध झाला नसता. तेव्हा शून्य आले तर शून्यच लिहा, आणि मग सरांना ‘का?’ म्हणून विचारा.