उगवलं म्हणजे भागलं?

पेरणीच्या तोंडावर आपला शेतकरी ओल्या गोणपाटावर १०० दाणे ओळीनं मांडतो, गुंडाळी करतो आणि आठवडाभरात मोड मोजतो. सोयाबीनचे ७० दाणे उगवले की बियाणं पास. चाचणी नामी आहे. पण ती परीक्षा घेते बियाण्याची, जमिनीची नाही. कारखान्याच्या सांडपाण्यातून ज्या मातीत कॅडमियम, शिसं उतरलं आहे, तिथंही ‘उगवण तर झाली’ म्हणून निर्धास्त राहणं चुकीचं आहे. जड धातूंच्या बाबतीत उगवण हा फार भोळा साक्षीदार. दाण्याचं टरफल धातूला बऱ्याच अंशी बाहेरच थोपवतं, आणि अंकुराची पहिली शिदोरी दाण्यातच बांधलेली असते. धातू फार वाढला तर साठवलेलं अन्न मोकळं करणारी विकरं मंदावतात, उगवणही घटते; पण बहुधा त्याच्या आधीच मार बसतो मुळाला. टरफल फोडून आलेलं कोवळं टोक थेट मातीला भिडतं. मूळ आखूड राहतं, तपकिरी पडतं, त्यावरची केसासारखी लव विरळ होते. वर मात्र दोन्ही दलं हिरवीगार!

कुणी म्हणेल, जस्तही धातूच, आणि झिंक सल्फेट तर आपण पैसे मोजून टाकतो. खरं आहे, आणि गोम तिथंच आहे. कॅडमियम हा जस्ताचा भाऊबंद. मुळाची जी दारं जस्तासाठी, लोहासाठी उघडतात, त्यांतूनच तो आत शिरतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार: आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनी असे धातू धरून ठेवतात, पिकाला सहजी देत नाहीत. मान्य. पण कोकणातली जांभ्याची माती आम्लधर्मी, तिचा हात सैल. शिवाय धरून ठेवलेलं नाहीसं होत नाही, साचत जातं. राहता राहिलं, ‘बिघडलं असेल तर पीकच सांगेल’ हे म्हणणं. जपानात तोयामा भागात जिंझू नदीच्या पाण्यावर भात पिकायचा; वरच्या अंगाला कामिओकाची खाण, तिथून कॅडमियम पाण्यात यायचं. भात उगवत होता, कापला जात होता, घरोघरी शिजत होता, आणि खाणाऱ्यांची हाडं ठिसूळ होत होती. त्या आजाराचं नावच ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’. सरकारनं तो प्रदूषणाचा आजार मानला १९६८ साली. तिथल्या खाचरांची माती सुधारण्याचं काम २०१२ पर्यंत चाललं.