तीन चाकांची बाबागाडी घ्यायची का?

आज बाबागाडीबद्दल बोलू, म्हणजे आपलं स्ट्रोलर.

आमची लेक आठ महिन्यांची. दहिसरला स्टेशनकडे निघालं की पेव्हर ब्लॉक, चेंबरची झाकणं, मध्येच खोदकाम. आमच्या चार चाकी गाडीचं पुढचं बारकं चाक एका फटीत अडकलं आणि गाडी पुढे कलंडली. पट्टा लावला होता म्हणून निभावलं. रात्री बायको म्हणाली, "इंजिनियर ना तू? मग चाकं बघून का नाही घेतलीस?" बोलती बंद.

मग बघितलं. १९८४ मध्ये अमेरिकेत फिल बेक्लरने मुलाला घेऊन धावता यावं म्हणून स्ट्रोलरला सायकलची चाकं लावली, तिथून ही तीन चाकी आली. मोठं चाक फटीत अडकत नाही, हवेचा टायर हादरे खातो. आणि तिपाई आठवा: जमीन कशीही असो, तिन्ही पाय टेकतात. फक्त झटक्यात वळलात तर बाजूला कलंडू शकते, म्हणून मागची चाकं एकमेकांपासून लांब हवीत. पुढचं चाक लॉक होतं का ते बघाच. बाजारात मोकळं, नॅशनल पार्कच्या कच्च्या वाटेवर लॉक. हँडलला भाजीच्या पिशव्या टांगू नका, गाडी मागे उलटते.

बाळाला घेऊन धावायचंय? सहा महिन्यांआधी नाहीच, नंतरही डॉक्टरांना विचारून.

घडी केली तरी ही अवजडच. आम्ही लिफ्टचं दार टेपने मोजून गेलो, दुकानदार हसला. लिफ्ट नसेल तर सरळ अंगावर बांधायचं कॅरियर घ्या. लोकलमध्ये आम्ही आजही तेच वापरतो.

चला, लेक उठली. भेटू!