पत्ता गेला की काय करायचं?

आज थेट मुद्द्यावर येतो.

रूम सुटली की छप्पर जातं, पण सोबत पत्ताही जातो. पुण्यात मी काही महिने बेघर होतो, तेव्हा हे नीट कळलं. अंगमेहनतीचं काम मिळायचं, पण बँक खातं, सिमकार्ड, पक्की नोकरी, सगळीकडे एकच प्रश्न: "पत्ता काय?"

म्हणून पहिली पायरी, बेघर निवारा केंद्र. मोठ्या शहरांत दर १ लाख लोकसंख्येमागे चोवीस तास चालणारा एक निवारा हवा, असं सुप्रीम कोर्टानं २०१० मध्ये बजावलंय. जवळचं केंद्र कुठे आहे, ते महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात विचारा. मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला आधारसाठी पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो. माझी गाडी तिथूनच रुळावर आली.

फुटपाथवर झोपणाऱ्यालाही मतदार होता येतं. फॉर्म ६ वर झोपण्याची जागा लिहायची. बीएलओ एकाहून जास्त रात्री येऊन खात्री करतो. पत्त्याचा वेगळा कागद लागत नाही.

आणि एक. काहीही करा, मोबाइल नंबर बंद पडू देऊ नका. ओटीपी त्यावरच येतो. ओळखीतलं कुणी रस्त्यावर आलं असेल, तर त्याला निदान रिचार्ज मारून द्या. परतीची वाट तिथूनही सुरू होते.