कावीळ उतरते, पण लक्ष ठेवावं लागतं

शनिवार पेठेतून आम्ही बोलतोय. आजचा विषय आहे कावीळ.

कावीळ बहुतेक वेळा यकृताला सूज आल्यामुळे होते. दूषित पाण्यातून होते ती बहुतेक ‘ए’ किंवा ‘ई’ प्रकारची. १९५५-५६ मध्ये दिल्लीत सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळलं आणि सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. ती ‘ई’ प्रकारची होती, हे जपून ठेवलेले रक्ताचे नमुने तपासल्यावर बऱ्याच वर्षांनी कळलं. २०१२ मध्ये आपल्या इचलकरंजीतही अशी मोठी साथ आली होती.

विषाणू पोटात गेल्यावर आजार दिसायला दोन ते दहा आठवडे लागतात. आधी कणकण येते, अन्नावरची वासना जाते, फोडणीचा वासही नको होतो. मग लघवी गडद होते आणि डोळे पिवळे पडतात. साधारण याच सुमाराला ताप उतरतो. भूक परत लागली की समजायचं, गाडी रुळावर येतेय. पिवळेपणा जायला काही आठवडे लागतात, थकवा त्याहून जास्त रेंगाळतो. तेवढे दिवस पाण्याच्या घागरी, शेतातली कामं दुसऱ्या कुणीतरी करावीत.

माळ घातली, चुन्याच्या पाण्याने हात धुतले आणि कावीळ उतरली, असं आपण ऐकतो. झाडपाल्याचा रस चुन्याला लागला की निरोगी माणसाच्या हातचं पाणीही पिवळं होतं. ‘ए’ आणि ‘ई’ कावीळ बहुतेकांची आपोआपच बरी होते, म्हणून श्रेय माळेला मिळतं. डाग देणं तर मुळीच नको.

खायला भात, वरण, भाकरी, फळं, जे पचेल ते थोडं थोडं द्या. तेल-तिखट बेताचं ठेवा. दारू बंद. तापाची गोळीसुद्धा डॉक्टरांना विचारूनच.

गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, ‘ई’ कावीळ जिवावर बेतू शकते. तिचे डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. आणि कुणीही असो, रोगी बरळू लागला, दिवसा गुंगीत राहिला, उलट्या थांबेनात किंवा रक्त येऊ लागलं, तर सकाळची वाट पाहू नका. आपल्याकडे १०८ ची गाडी आहे.

पाणी खळखळून उकळा. शौचाहून आल्यावर आणि स्वयंपाकाआधी साबणाने हात धुवा. गावात एकाच वेळी दोन-तीन घरांत कावीळ दिसली, तर आशाताईंना सांगा आणि गटाने ग्रामपंचायतीकडे पाणी तपासायची मागणी करा.