दिव्याखालचा अंधार

(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीचा हा आनंदाचा दिवस. अशा दिवशीं देवाचे उपकार आठवावे आणि आपल्या चुकाही त्याच्यापुढें मांडाव्या, ही आपली ख्रिस्ती रीत आहे. म्हणून आज आम्ही आमचीच एक चूक आपणांपुढें कबूल करणार आहों.

कांहीं वर्षांमागें या धर्मग्रामांतील एक गृहस्थ आपल्या कन्येस घेऊन आमच्याकडे आले. मुलगी विद्युत् अभियांत्रिकींत एम.टेक. झालेली, पुढें पीएच.डी. करावी अशी तिची मनीषा. वडील म्हणाले, "फादर, आणखी किती शिकायचें? बोईसरच्या कारखान्यांत नोकरी चालून आली आहे." आम्हीं घाईनें सांगितलें कीं, नोकरी धरावी. मुलगी निमूटपणें उठून गेली. तिनें नोकरी धरली. पण तिचें तें निमूट उठणें आमच्या मनाला आजही टोंचतें.

आपण कोठें राहतों याचा विचार करा. भारतांतील पहिलें अणुविद्युत् केंद्र आपल्या तारापूर येथें २८ ऑक्टोबर १९६९ रोजीं रीतसर कार्यान्वित झालें. पुढें २००५ व २००६ सालीं प्रत्येकीं ५४० मेगावॉटचे आणखी दोन संच चालू झाले. त्यांच्यासाठीं अक्करपट्टी व पोफरण येथील कुटुंबांस आपलें गांव सोडावें लागलें. ज्या भूमीनें विजेसाठीं एवढें मोल दिलें, तिच्या लेकरांनीं दुसऱ्यांनीं शोधलेलें ज्ञान केवळ वापरावें, स्वतः शोधूं नये काय? यासच दिव्याखालीं अंधार म्हणतात.

डॉक्टर ही पदवी नांवाआधीं मिरविण्याचा दागिना नव्हे. ज्या प्रश्नाचें उत्तर अद्याप कोणास सांपडलें नाहीं, तें शोधून जाणत्या परीक्षकांपुढें सिद्ध करणें, हें तिचें मर्म. असे प्रश्न आपल्या दारांतच आहेत. आपल्या किनाऱ्यावरील खाऱ्या वाऱ्यांतलें मीठ विजेच्या खांबांवरील चिनी मातीच्या इन्सुलेटरांवर सांचतें. कोरडें असतां तें निरुपद्रवी. पण पहाटेच्या दंवानें भिजलें कीं त्यांतून वीज पाझरते, ठिणगी उडते व सबंध लाइन जाते. हें आधींच कसें ओळखावें, कोणता लेप टिकेल, यावर जगांत संशोधन चालतें. सातपाटी-डहाणूचा वारा ज्यांनीं अंगावर घेतला, त्यांनीं तें कां करूं नये?

कोणी म्हणेल, धर्मगुरूनें विजेवर कां बोलावें? आयर्लंडांत मेनूथच्या सेमिनरींत शिकविणारे धर्मगुरू निकोलस कॅलन यांनीं १८३६ सालीं इंडक्शन कॉइल सिद्ध केली. आजचे ट्रान्सफॉर्मर त्याच तत्त्वावर चालतात. वेदी व विद्या यांत वैर नाहीं.

वाट कष्टाची आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणें किमान तीन वर्षें लागतात. मुदत सहा वर्षांची असून पुढें वाढवूनही मिळते. प्रयोग फसतात, मिळकत थांबते, नातलग लग्नाचें विचारूं लागतात. परंतु त्याच नियमांनीं मालकाचें ना-हरकत पत्र घेऊन, नोकरी सांभाळून अंशकालीन पीएच.डी. करण्याचीही मुभा दिली आहे.

माटुंग्याची जी तंत्रसंस्था आज वीरमाता जिजाबाईंच्या नांवें चालते, ती १८८७ सालीं व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीनिमित्त स्थापन झाली. एका राणीच्या ज्युबिलींतून विद्यालय उभें राहिलें. आपल्या ज्युबिलींतून निदान एक विद्यार्थी उभा राहूं नये काय? आईबापांनो, मुलांस धीर द्या. धर्मग्रामानें आपल्या निधींतून त्यांच्यासाठीं कांहीं भाग राखावा, अशी आमची नम्र विनंति आहे.

त्या कन्येस आम्हीं निरोप धाडला आहे कीं, दार बंद झालेलें नाहीं. प्रभूनें दिलेलें नाणें जमिनींत पुरण्याचा सल्ला आम्हीं दिला होता. तें पुन्हां वर काढण्याचें बळ प्रभु येशू ख्रिस्त तिला देवो, आणि तिला साथ देण्याची बुद्धि आपणां सर्वांस देवो.